टेबलाखालची रेल्वे: रुळांना वीज, सांध्यांना मोटर

खोक्यातून काढलेला गोल रूळ, एक ट्रान्सफॉर्मर, दोन तारा, आणि गाडी धावायला लागते. इथवर कुणालाच वायरिंगचा लेख लागत नाही. तो लागतो पुढे, त्याच गोलाला दोन फाटे फुटतात, बाजूला एक यार्ड येतं, आणि इंजिन ट्रान्सफॉर्मरपासून जितकं लांब जाईल तितकं दमायला लागतं तेव्हा. मग माणूस इंजिन उघडतो, तेल घालतो, चाकं पुसतो. इंजिन बिचारं धडधाकट असतं.

मॉडेल रेल्वेत वीज दोन तऱ्हांनी पुढे सरकते. एक, सोल्डर केलेल्या किंवा स्क्रूखाली आवळलेल्या पक्क्या जोडातून. दुसरी, नुसत्या एकमेकांना टेकलेल्या धातूतून. दोन रुळांची टोकं जुळवणारे धातूचे जॉइनर टेकलेले असतात, सांध्याची जीभ टेकलेली असते, चाक तर टेकलेलंच असतं. चाकाला इलाज नाही. बाकी कुठेही टेकलेल्यावर मी भरवसा ठेवत नाही, आणि खाली जे काही सांगणार आहे ते या एका हट्टातून आलेलं आहे.

शब्दांचं आधीच ठरवून घेऊ. रेल्वेच्या भाषेत गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जिथे वळते तो सांधा. दोन तुकडे जिथे जुळतात त्याला इथे जोड म्हणेन, म्हणजे घोळ नको. सांध्याचा जो भाग हलतो ती जीभ, आणि आतले दोन रूळ एकमेकांना छेदतात ते टोक म्हणजे फ्रॉग. उदाहरणं एचओची देतो, म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिलिमीटर गेज (दोन रुळांमधलं अंतर). एन स्केलवाल्यांनी (१:१६०, ९ मिलिमीटर) तत्त्वं तीच धरावीत, फक्त सोल्डरिंगला हात हलका ठेवावा.

डीसी की डीसीसी, हे पहिल्यांदा ठरवा

डीसीमध्ये, म्हणजे साध्या डायरेक्ट करंटमध्ये, रुळांवर ० ते १२ व्होल्ट येतात. व्होल्ट वाढले की वेग वाढतो, ध्रुव उलटले की गाडी उलटी जाते. इंजिनाचं नाक कुठेही असो, जायच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताचा रूळ धन. डीसीसीमध्ये, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, रुळांवर सतत पूर्ण दाब असतो, एचओला साधारण १४-१५ व्होल्ट, आणि तो सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतो. त्या उलटण्याच्या लयीतच हुकूम दडलेला असतो. प्रत्येक इंजिनातला डीकोडर आपल्या नंबराचा हुकूम उचलतो, बाकीचे सोडून देतो. म्हणून एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळ्या वेगाने चालवता येतात.

तारांच्या दृष्टीने दोन्हींत फार फरक नाही. आज डीसी करणार असाल तरी उद्या डीसीसी येईल असं धरूनच जाड तारा घाला. एक पथ्य मात्र कडक पाळा: दोन्ही यंत्रणा एका रुळाला एकाच वेळी कधीही जोडायच्या नाहीत. अधूनमधून बदल करायचा असेल तर मध्ये असा एक टॉगल स्विच ठेवा, की एक जोडला की दुसरा आपोआप तुटेल.

घरातली मुख्य वीज टेबलाखाली आणू नका. तयार, बंद डब्यातला अडॅप्टर भिंतीशी ठेवायचा आणि तिथून पुढे फक्त कमी दाबाच्या तारा.

कागदावर दोन रंगांच्या पेन्सिली

लेआउटचा नकाशा काढा, प्रत्येक मार्ग दोन रेघांनी. एक रेघ लाल, दुसरी काळी. लाल पेन्सिल न उचलता रुळावरून फिरवा, मग काळी. सांध्यावर आलात की फ्रॉगपाशी लाल आणि काळी समोरासमोर येतील, ती जागा गोल करून ठेवा. एखाद्या मार्गावरून पुढे जाता जाता लाल रेघ फिरून स्वतःच्याच काळ्या जोडीदाराला येऊन धडकली, तर तिथे उलटा फेरा आहे. तो नंतर सोडवू, पण खूण आत्ताच करा. हा कागद टेबलाखाली चिकटवून ठेवण्याच्या लायकीचा असतो. माझा अजून आहे, चहाच्या डागासकट.

मुख्य तारा

टेबलाखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन जाड तारा न्यायच्या, लाल आणि काळी. यांना बस म्हणतात. प्रत्येक रुळाला वीज मिळते ती या बसमधून, शेजारच्या रुळाकडून उसनी नाही.

जाडी किती? थोडं गणित करू, कारण इथे काटकसर अंगाशी येते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरमागे साधारण ०.०१२ ओहम. बूस्टरपासून (डीसीसीत रुळांना वीज पुरवणारा डबा) ५ मीटर लांब गेलात तर वीज जाते आणि परत येते, म्हणजे १० मीटर तार, ०.१२ ओहम. ३ अँपिअर वाहत असतील तर वाटेत ०.३६ व्होल्ट गळले. हे चालतं. तेच अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेने केलंत तर विरोध तिप्पट, आणि एक व्होल्टाहून जास्त वाटेतच खलास. खोलीभर लेआउट असेल तर सरळ अडीच चौरस मिलिमीटर घ्या.

आणि गळती हा दुय्यम त्रास आहे. खरी भीती शॉर्टची. एखादा डबा घसरून रुळांवर आडवा पडला की बूस्टरने ताबडतोब वीज तोडायला हवी. ५ अँपिअरचा बूस्टर १५ व्होल्टवर तुटायचा असेल तर वाटेतला सगळा विरोध मिळून ३ ओहमच्या आत हवा. बारीक तारा आणि सैल जॉइनर यांनी तो वर नेला, तर बूस्टरला शॉर्ट झालेलं कळतच नाही. त्याला वाटतं, चार-पाच इंजिनं चालली आहेत. तो निवांतपणे ६० वॉट त्या घसरलेल्या डब्याच्या चाकात ओतत राहतो. सोल्डरिंगची इस्त्री जेवढी तापते तेवढं आपलं चाक तापणार, प्लॅस्टिकच्या बोगीसकट.

फीडर: या एका कामात घाई नको

बसपासून रुळापर्यंत येणारी छोटी तार म्हणजे फीडर. अर्धा चौरस मिलिमीटर किंवा त्याहून थोडी बारीक चालते, कारण लांबी वीतभरच असते. वीतभर म्हणजे वीतभरच, हातभर झाली तर जाडी वाढवा.

किती लावायचे? नियम असा: रुळाचा प्रत्येक तुकडा एकतर फीडरला सोल्डर केलेला असावा, किंवा फीडर असलेल्या तुकड्याला सोल्डर केलेला असावा. नवखे इथे म्हणतात, जॉइनर आहेत की! जॉइनर नवा असताना घट्ट बसतो. मग त्यावर रंग येतो, खडीचा डिंक आत झिरपतो, धातूवर काळपट थर चढतो, थंडी-उकाड्याने रूळ मागेपुढे सरकतो. वर्षभराने तोच जॉइनर दिसायला तसाच आणि विजेच्या बाबतीत भिंत. शिवाय रूळ निकेल सिल्व्हरचे असतात, ज्यात नावापुरतीसुद्धा चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू, आणि तांब्याच्या मानाने त्याचा विरोध दहापटीहून जास्त. रुळाने गाडी उचलावी, वीज तारेने उचलावी.

आता प्रत्यक्ष सोल्डर. रुळाची बाहेरची बाजू निवडा, कारण आतून चाकाची कड जाते. दोन स्लीपरांच्या मध्ये रुळालगत बारीक ड्रिलने भोक पाडा. रुळाच्या कुशीत, म्हणजे वरच्या आणि खालच्या कडांच्या मधल्या पोकळीत, बारीक कानशीने घासून धातू लख्ख करा. तार खालून वर घ्या, टोकाचं चार मिलिमीटर आवरण सोला, लहान इंग्रजी एलसारखं वाकवा. आधी तारेला सोल्डर पाजा. मग रुळाच्या त्या जागी राळेचा फ्लक्स टेकवा आणि तिथेही सोल्डरचा पातळ थर द्या. आम्लाचा फ्लक्स नको, तो पुढे तार खात राहतो. शेवटी तार रुळाच्या कुशीत दाबा, इस्त्रीचं टोक वर ठेवा, दोन-तीन सेकंद. सोल्डर चमकून पसरला की इस्त्री काढा, तार सोडू नका, चमक मंद होईपर्यंत हात हलवू नका.

दोन-तीन सेकंदांत होत नसेल तर इस्त्री लहान आहे. ४० ते ६० वॉटची, टोक स्वच्छ असलेली इस्त्री घ्या. कमी वॉटची इस्त्री स्लीपरांना सुरक्षित, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात ती रुळाला वेळ लावते, तेवढ्यात उष्णता रुळावरून पसरते आणि आजूबाजूचे चार स्लीपर मऊ होऊन गेज बिघडतं. गरम इस्त्री, थोडा वेळ. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले तर आणखी चांगलं.

खाली फीडर बसला जोडताना नुसती पिळून टेप गुंडाळू नका. सोल्डर करा, किंवा स्क्रूची टर्मिनल पट्टी वापरा. टेपखाली पिळलेली तार ही पुन्हा टेकलेलीच तार.

एक लावा, एक तपासा

माझ्या पहिल्या मोठ्या लेआउटला मी एका बैठकीत चौदा फीडरच्या जोड्या लावल्या. फार अभिमानाने बटण दाबलं, आणि बूस्टर लगेच तुटला. चौदांपैकी एक जोडी उलटी होती. टेबलाखाली उताणं पडून, तोंडात टॉर्च धरून, एकेक जोडी सोडवत गेलो. उलटी निघाली बारावी, आणि मी सुरुवात केली होती पहिलीपासून.

तेव्हापासूनची पद्धत अशी. मल्टिमीटर बीपवर ठेवायचा. ट्रान्सफॉर्मर सोडलेला, रुळांवर एकही इंजिन नाही, कारण इंजिनाच्या मोटरमधूनही बीप येते. लाल आणि काळ्या बसला मीटरच्या दोन पिना क्लिपने लावून ठेवायच्या. एक फीडर जोडला, बीप नाही, पुढचा जोडा. बीप झाली तर चूक आत्ता हातात आहे त्याच तारेत. मीटर नसेल तर एक ९ व्होल्टची बॅटरी आणि छोटा बझर पुरतो.

आणि जोडण्यापूर्वी डोळ्यांनीही बघा. टेबलाखाली गेलं की डावं-उजवं बदलतं. वरूनच, रूळ दिसत असताना, लाल रुळाला लाल तार सोल्डर केलेली असेल तर खाली डोकं चालवावं लागत नाही, रंगाला रंग जोडायचा.

सांधा आणि त्याचा फ्रॉग

सांधे दोन जातींचे मिळतात. एकात फ्रॉग प्लॅस्टिकचा किंवा वीज तोडलेला असतो, पेको या कंपनीच्या भाषेत इन्सलफ्रॉग. लावायला सोपा, पण छोटं शंटिंग इंजिन हळू चालत आलं की त्या मेलेल्या तुकड्यावर अडकतं. दुसऱ्यात फ्रॉग धातूचा आणि जिवंत असतो, इलेक्ट्रोफ्रॉग. यावरून कितीही हळू जा, पण तारांचं काम वाढतं. माझं मत स्पष्ट आहे: यार्डात आणि जिथे इंजिन रांगत जातं तिथे जिवंत फ्रॉगच घ्या. मुख्य मार्गावर लांबलचक इंजिनं चालवणार असाल तर दुसरा चालेल.

जिवंत फ्रॉगचा प्रश्न असा की सरळ मार्गाला तो एका ध्रुवाचा हवा आणि वळणाला दुसऱ्या. उजवीकडे वळणारा सांधा डोळ्यांसमोर आणा, जिभेकडून फ्रॉगकडे बघत. गाडी सरळ जाताना फ्रॉगवरून उजवी चाकं जातात, म्हणून फ्रॉग उजव्या रुळाच्या ध्रुवाचा. गाडी उजवीकडे वळताना फ्रॉगवरून डावी चाकं जातात, म्हणून डाव्या रुळाचा. कारखान्यातून येणाऱ्या सांध्यात हा बदल जीभच करते. ती ज्या बाजूच्या रुळाला टेकते तिथून वीज घेते आणि फ्रॉगला देते.

टेकते. आलं लक्षात?

जिभेच्या टोकाशी धूळ, रंगाचा एक शिंतोडा किंवा तेलाचा थेंब आला की पूर्ण सांधा मेला. म्हणून जीभ फक्त चाकं वळवायला ठेवायची आणि फ्रॉगला वेगळ्या स्विचमधून वीज द्यायची. फ्रॉगपासून पुढे निघणाऱ्या आतल्या दोन्ही रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर लावा. फ्रॉगला एक तार सोल्डर करून खाली घ्या आणि ती स्विचच्या मधल्या टर्मिनलला जोडा. बाजूच्या दोन टर्मिनलना लाल आणि काळी बस. सांधा हलला की हा स्विचही हलला पाहिजे, म्हणून तो सांध्याच्या मोटरमध्येच असलेला बरा.

आणखी पुढे जायचं असेल तर जिभा फ्रॉगपासून तोडून, प्रत्येक जीभ आपल्या शेजारच्या बाहेरच्या रुळाला तारेने बांधा. मग उघडी जीभ आणि शेजारचा रूळ एकाच ध्रुवाचे होतात, आणि चाकाची पाठ जिभेला घासली तरी शॉर्ट होत नाही. डीसीसीवाल्यांनी हे करावंच.

प्लॅस्टिकचे जॉइनर न लावता फ्रॉगच्या बाजूने फीडर दिलात, तर सांधा फिरवल्याक्षणी शॉर्ट. नव्याने शिकणाऱ्यांची सर्वांत जास्त होणारी चूक हीच. वीज जिभेच्या बाजूने द्या, आणि फ्रॉगच्या बाजूने द्यायची तर आधी रूळ तोडा.

सांधा हलवणारी मोटर

दोन गुंडाळ्यांची सोलेनॉइड मोटर स्वस्त आणि झटक्याची. एका गुंडाळीला वीज दिली की टक्कन एका बाजूला, दुसरीला दिली की दुसऱ्या. तीन-चार अँपिअर खाते, तेही क्षणभरच. बोट बटणावर राहिलं तर गुंडाळी जळते. मी एकदा बटण दाबून ठेवूनच वाकून बघत बसलो की सांधा का हलत नाही. हलत नव्हता कारण खडीचा कण अडकला होता. पाहता पाहता वार्निशचा वास आला.

यावर उपाय कपॅसिटर डिस्चार्ज युनिट, म्हणजे सीडीयू. त्यात काही हजार मायक्रोफॅरडचे कपॅसिटर २० व्होल्टच्या आसपास भरून ठेवलेले असतात. बटण दाबलं की साठा एका दणक्यात गुंडाळीत जातो आणि संपतो. बोट तसंच राहिलं तरी मागून येणारी वीज इतकी कमी की गुंडाळी तापत नाही. एका सीडीयूवर अनेक सांधे चालतात, दोन दणक्यांमध्ये क्षणभर थांबायचं एवढंच. बटणं मात्र सोडलं की परत येणारीच घ्या, आणि सीडीयूपासून मोटरपर्यंतची तार बारीक नको, नाहीतर दणका वाटेतच विरतो.

सावकाश फिरणारी मोटर हा दुसरा मार्ग. टॉर्टॉइज हे त्यातलं जुनं नाव, आणि कासवासारखीच ती जिभा हळू सरकवते. टोकाला पोचली की तशीच दाबून उभी राहते, वीज चालूच, पण सुमारे १५ मिलीअँपिअर. वीस मोटरी लावल्या तरी ०.३ अँपिअर, १२ व्होल्टचा छोटा अडॅप्टर पुरतो. तिला आठ टर्मिनल असतात. १ आणि ८ मोटरची. ४ हे मधलं, त्याच्या दोन बाजू २ आणि ३. दुसरा स्विच ५, ६, ७ वर, पैकी ५ मधलं. फ्रॉगची तार ४ ला, दोन्ही बस २ आणि ३ ला. सांधा फिरवल्यावर शॉर्ट झाला तर २ आणि ३ ची अदलाबदल करायची, संपलं.

मोटर फिरवायला सहा टर्मिनलांचा टॉगल लागतो. मधल्या दोघांना मोटर. वरच्या दोघांना १२ व्होल्टचे धन आणि ऋण. वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे एक तार, वरच्या उजवीकडून खालच्या डावीकडे दुसरी, म्हणजे पाठीवर फुली दिसली पाहिजे. मोटरच्या एका तारेत दोन एलईडी एकमेकांना समांतर पण उलटसुलट जोडून ओवून घेतले, एक हिरवा आणि एक लाल, तर मोटरच्याच वीजेवर पॅनेलला सांध्याची दिशा दिसते, वेगळा रेझिस्टर लागत नाही.

सांध्यांची वीज रुळांच्या वीजेपासून वेगळी ठेवा. डीसीसीच्या रुळांवरूनच सांधे चालवले, तर चुकून उलट्या सांध्यात शिरून शॉर्ट झाल्यावर सांधा फिरवायलाही वीज उरत नाही.

उलटा फेरा

कागदावर खूण केलेली ती जागा. गाडी वळसा घालून त्याच मार्गावर उलट तोंडाने परत येते, आणि लाल रूळ काळ्याला भिडतो. त्या वळशातला एक तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत, प्लॅस्टिकच्या जॉइनरने तोडा. तो तुमच्या सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब हवा. आखूड असला तर धातूची चाकं दोन्ही टोकांच्या फटी एकाच वेळी जोडतात आणि काहीही लावलं तरी शॉर्ट. डीसीसीत या तुकड्याला ऑटो-रिव्हर्सर द्या, चाक फटीवर येताच तो ध्रुव बदलतो. डीसीत फुलीवाला टॉगल, आणि गाडी आत असताना मुख्य मार्गाचा ध्रुव उलटायचा.

डीसीवर दोन गाड्या हव्या असतील तर लेआउटचे विभाग पाडून, प्रत्येकाला मध्ये बंद असणारा टॉगल द्यावा लागतो: वर एक कंट्रोलर, खाली दुसरा. डीसीसीत विभागांची सक्ती नाही, पण दोन-चार करून ठेवा, शॉर्ट शोधताना निम्मं काम कमी होतं.

नाण्याची परीक्षा

सगळं झालं की डीसीसी चालू करा आणि एक नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. बूस्टर तत्काळ तुटला पाहिजे. नाणं उचला, वीज परत येऊ द्या, हातभर पुढे सरका, पुन्हा. प्रत्येक बगलमार्गावर, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना. जिथे नाणं टेकूनही बूस्टर तुटत नाही आणि ठिणग्या मारत राहतो, तिथे नाणं लगेच उचला आणि खडूने खूण करा. तिथला फीडर सुटला आहे, राहून गेला आहे किंवा सोल्डर वरवर बसला आहे.

मग घरातलं सर्वांत लहान इंजिन घ्या, चार चाकांचं, आणि सर्वांत कमी वेगावर सगळ्या सांध्यांतून सरळ आणि वळण अशा दोन्ही मार्गांनी, पुढे आणि मागे फिरवा. अडकलं तर बोटाने ढकलू नका. मीटरची एक पिन इंजिनाच्या पुढच्या चाकाखालच्या रुळाला, दुसरी त्या रुळाच्या विरुद्ध रंगाच्या बसला लावा. व्होल्ट दिसत असतील तर चाकं पुसा. दिसत नसतील तर टॉर्च घेऊन खाली जा.